दुधी का गळतो, आणि अकराव्या मजल्यावरच्या मोहोळाचं काय करायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही घोडबंदर रोडला पंधराव्या मजल्यावर राहता. बाल्कनीत मोठ्या कुंड्यांत दुधी, कारलं आणि काकडी लावली आहे. वेल हिरवेगार, फुलं भरपूर, पण फळ बोटाएवढं झालं की पिवळं पडतं आणि गळतं. खतं बदलून झाली. त्यातच तुमच्या इमारतीला अकराव्या मजल्याच्या छज्ज्याखाली मोहोळ लागलंय आणि कमिटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायच्या बेतात आहे. मुलगी म्हणते, मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल. तेव्हा माशीचा आपल्या जेवणाशी संबंध खरंच किती, आणि ती एवढी महत्त्वाची असेल तर चार मजले खाली हजारो माश्या असताना तुमचा दुधी का धरत नाही, हे तुम्हाला हवंय.

हा शेवटचा भाग मला फार आवडला. मधमाशी वाचवा म्हणणारे पुष्कळ भेटतात, मोहोळ जाळा म्हणणारे त्याहून जास्त. माशी जवळ असून फळ का नाही, हे विचारणारं क्वचित भेटतं. मी ठाण्यातच राहते. मुरबाडकडे नात्यातल्या एका वाडीवर गेली बावीस वर्षं सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवते, आणि त्या ओळखीमुळे सोसायट्यांतून मोहोळासाठी फोन येतात. गच्चीवर भाजीही लावते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी हात पोळलेले आहेत.

आधी मुलीचं. ते चार वर्षांचं वाक्य आईन्स्टाईनच्या नावावर फिरतं. त्याने ते म्हटल्याचा पुरावा नाही, आणि कोणीही म्हटलं असलं तरी ते खरं नाही. भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका ही सगळी गवताच्या कुळातली. कोणाचे पराग वाऱ्यावर जातात, कोणाचं काम फुलातल्या फुलातच उरकतं. बटाटा, रताळं, आलं, हळद आपण कंद किंवा वेल लावून वाढवतो. खायच्या केळ्यात तर बीच नसतं. जगात पिकणाऱ्या अन्नाचं वजन केलं, तर सुमारे ६० टक्के अशा पिकांचं भरतं ज्यांना माशी, पाखरू, वटवाघूळ यांपैकी कोणीच लागत नाही. माशी गेली तरी भाकरी मिळेल.

वजन सोडून पिकं मोजायला घेतली की मात्र हिशेब फिरतो. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना फळ किंवा बी धरायला प्राण्यांची कमीअधिक मदत होते. यातला ‘कमीअधिक’ हा शब्द बातम्यांत गळून पडतो. कोणाचं माशीवाचून सगळंच अडतं, कोणाचं थोडंसं.

मी हे लोकांना ताटावरून सांगते. आपलं वाढलेलं ताट डोळ्यांसमोर आणा. मध्ये भात आणि पोळी, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी आणि आमटी. मधल्या भागाला माशी लागत नाही. ती लागते डाव्या-उजव्या बाजूला. कोशिंबिरीतली काकडी, उजवीकडचा भोपळा, कारलं, दोडका हे सगळे वेल असे की नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. एकातला पराग दुसऱ्यापर्यंत कोणीतरी नेऊन पोचवायलाच हवा. लोणच्याच्या कैरीचं काम मुख्यतः निरनिराळ्या साध्या माश्या करतात, ज्यांना आपण हाकलत असतो त्यांच्याच जातभाई, आणि जोडीला लहान मधमाश्या. आमटीतली तूर स्वतःची स्वतः धरते, माश्या फिरल्या तर भर पडते. फोडणीच्या मोहरीचं साधारण तसंच. ताटातलं अ आणि क जीवनसत्त्व बरंचसं या दोन बाजूंकडूनच येतं. तेव्हा माशी गेली तर पोट भरेल, पण ताट बोडकं होईल आणि जे उरेल ते महाग होईल.

डाव्या बाजूची एक गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे म्हणून जरा जास्त लिहिते. कारळ्याची चटणी. मुरबाड, शहापूर, तिकडे जव्हारकडे वरकस जमिनीवर कारळा पेरतात, काही जण त्याला खुरासणी म्हणतात. पावसाळा सरता सरता डोंगरउतार पिवळे होतात ते याच फुलांनी. हे झाड मोठं तऱ्हेवाईक. स्वतःच्याच झाडाचा पराग त्याला बहुतेक चालत नाही, दुसऱ्या झाडाचाच हवा. पराग चिकट, त्यामुळे वाराही फारसा कामाचा नाही. म्हणजे माशी आली नाही तर फुलं पिवळीधमक आणि बोंडं पोकळ. मी पहिल्यांदा पेट्या तिथे नेल्या त्या मधासाठी, शेतकऱ्याच्या भल्याचा विचार डोक्यातही नव्हता. शेताचा मालकही कुरकुरत होता, माश्या बैलांना चावतील म्हणून. मळणी झाल्यावर त्याने स्वतः फोन केला, पुढच्या वर्षी पेट्या केव्हा आणताय? मी मोजमाप काही ठेवलं नव्हतं, त्यामुळे आकडा देणार नाही. पण त्यानंतर बैलांचा विषय निघाला नाही.

कांद्याचंही असंच फसवं आहे. कांदा पोसायला माशी लागत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की त्याचा तिचा काही संबंध नाही. पण तो कांदा ज्या बियांपासून आला ते बी धरायला लागते. कांद्याच्या पांढऱ्या गोंड्यातल्या प्रत्येक बारक्या फुलात पराग आधी तयार होऊन झडतो आणि मादी भाग मागाहून तयार होतो. एकाच फुलात दोघांची गाठ पडत नाही. म्हणून बीजोत्पादनाच्या शेतात पेट्या ठेवतात. डाळिंबाच्या बागांतही सेटिंगसाठी, म्हणजे फळ धरावं म्हणून, पेट्या भाड्याने नेतात. कित्येक मधपाळांचा हंगाम आता मधापेक्षा या भाड्यावर निघतो.

आणि ‘मधमाशी’ म्हणताना सगळं श्रेय तिलाच देऊ नका. वांग्याचं आणि टोमॅटोचं फूल बघा. मधला पिवळा शंकू म्हणजे मिठाच्या डबीसारखी वस्तू, टोकाला बारीक भोकं. हलवली तरच पराग बाहेर. मधमाशीला ती हलवता येत नाही. ते काम लाकूड पोखरणारा काळा भुंगा करतो, किंवा निळ्या पट्ट्यांची एक एकटी राहणारी माशी. ती फुलाला मिठी मारते, पंख स्थिर ठेवते आणि छातीचे स्नायू थरथरवते. सकाळी कुंडीजवळ शांत उभं राहिलात तर गुणगुणण्याचा सूर अचानक चढतो तो ऐकू येईल. टोमॅटोला वाऱ्याचा हिसका किंवा तुमच्या बोटाची टिचकीही पुरते, त्यामुळे टॉवरमध्येही तो धरतो. तुमचा दुधी असा बिचारा नाही. त्याला टिचकीने काही होत नाही.

आता दुधीकडे. इथे मला आधी कबूल करायला हवं की फोटो आणि काप बघितल्याशिवाय कारण छातीठोक सांगता येत नाही. फळ पिवळं पडून गळण्याची तीन कारणं मला बाल्कन्यांतून वारंवार दिसतात. पहिलं, फूल फळलंच नाही. तसं असेल तर मादी फुलामागची छोटी दुधी जवळजवळ वाढतच नाही, तीन-चार दिवसांत टोकाकडून पिवळी होऊन आकसते, कापली तर आत स्वच्छ. दुसरं, फळमाशी. सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका, कधी डिंकाचा थेंब, कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या. त्याला वेलवर्गीय भाज्यांचा फळमाशी सापळा टांगायचा, दुसरं खत-बित काही नाही. तिसरं, कुंडीची ताकद. वेलावर आधीच एक दुधी जोरात पोसत असेल तर मागून आलेल्या वेल स्वतःच टाकून देतो. कुंडीतल्या वेलाने एका वेळी दोन दुधी पोसले तरी मी त्याला नमस्कार करते. तुम्ही लिहिलंय की एकही फळ टिकत नाही आणि तिन्ही वेलांचं तेच आहे, म्हणून माझा संशय पहिल्या कारणावर जास्त आहे. तरी कापून बघा.

फूल न फळण्यातही आधी साधी गोष्ट तपासा. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस वेलाला नुसती नर फुलं येतात. ती लांब दांड्यावर येतात आणि गळतात, ते ठीकच आहे. मादी फुलाच्या मागे पहिल्या दिवसापासून इवलंसं फळ असतं. तुमच्याकडे बोटाएवढी फळं दिसतायत, म्हणजे मादी फुलं येतायत. मग प्रश्न उरतो गाठभेटीचा.

इथे घड्याळ येतं, आणि मी स्वतः इथेच फसले होते. पहिल्या वर्षी सकाळी चहा झाला की ब्रश घेऊन दुधीकडे जायचे. फुलं लोंबलेली. दोन आठवडे मी बियाण्याला नावं ठेवली. मग भाजी विकायला येणाऱ्या शहापूरकडच्या एका आजी हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, दुधीचं फूल दिवेलागणीचं.” खरंच आहे. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. ते रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी आहे, म्हणून तर पांढरं. दोडकाही संध्याकाळचा, पडवळ रात्रीचं. उलट कारलं, काकडी आणि लाल भोपळा पहाटे-सकाळी उघडतात. भोपळ्याचं फूल ऊन चढलं की मिटायला लागतं, कारलं आणि काकडी दुपारपर्यंत दम धरतात. म्हणजे तुमच्या बाल्कनीत दोन पाळ्या चालतात. दिवसपाळीला मधमाशी हवी, रातपाळीला पतंग. पंधराव्या मजल्यावर, झगमगाटात, पतंग किती येणार?

दुधीचा खुलासा झाला, पण मग कारलं-काकडी का नाही? तिथे तर दिवसाचं काम आहे आणि कामकरी माश्या चार मजले खाली. याचं उत्तर आग्या माशीच्या स्वभावात आहे. छज्ज्याखाली उघड्यावर एकच मोठं पोळं, वर काळपट माश्यांची गोधडी, म्हणजे तुमच्याकडे आग्या मोहोळ आहे असं मी धरून चालते. हजारो तोंडं. त्यांच्या हेर माश्या बाहेर फिरून येतात आणि पोळ्यावर नाचून सांगतात की कुठल्या दिशेला, किती लांब माल आहे. ही नाचाची भाषा कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडली, त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. नाच होतो तो भरघोस मालासाठी. मार्चमध्ये येऊरच्या डोंगराला पळस-सावरी संपत आलेल्या, करंज आणि जांभूळ फुलायला लागलेले. आग्या माशी काही किलोमीटर सहज जाते. फुललेलं अख्खं झाड समोर असताना तुमच्या सहा कारल्याच्या फुलांसाठी कोण नाचणार? पंगतीला निघालेला माणूस वाटेत शेंगदाणा दिसला म्हणून थांबत नाही. गंमत अशी की तिचा हाच स्वभाव शेतकऱ्याच्या कामी येतो. एका फेरीत ती सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे कारळ्याचा पराग कारळ्यालाच मिळतो. शेताला लाभते तीच गोष्ट बाल्कनीला नडते.

बाल्कनीतल्या चार फुलांची विचारपूस करतात त्या लहान माश्या. सातेरी, जी अंधाऱ्या पोकळीत पोळी करते, झाडाच्या ढोलीत, कधी जुन्या मीटरच्या खोक्यात. फुलोरी, झुडपात तळहाताएवढं एकच पोळं. आणि पोया, ती डासाहून थोडी मोठी बिनडंखाची माशी, जी भिंतीच्या भेगेत मेणाची नळी करून राहते. यांचा फिरायचा पल्ला कमी, सातेरीचा साधारण एक-दीड किलोमीटर, पोयाचा त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे त्या इमारतीच्या आवारातच असाव्या लागतात. आणि आपण आवाराचं काय करतो? कुंपणाची मेंदी फुलायच्या आत छाटतो, जमिनीत बिळं करणाऱ्या माश्यांच्या डोक्यावर पेव्हर ब्लॉक बसवतो, भेगा सिमेंटने बुजवतो, आणि आठवड्यातून एकदा डासांसाठी धूर मारतो. मोहोळ दिसतं म्हणून त्याची मीटिंग होते. या लहान माश्या गेल्या तर कळतही नाही.

कबुतरांची जाळी लावली असेल तर काळजी नको, तिच्यातून माशी सहज येते. मच्छरजाळी मात्र उघडी ठेवायला लागेल.

तर यंदाच्या फुलांचं काय? हाताने करा, लाजायचं काही नाही. चीनच्या सिचुआन प्रांतात हान्युआन भागात पेअरच्या बागांत माणसं झाडावर चढून पिसांच्या ब्रशने हेच करत आली आहेत. आपल्याकडची व्हॅनिलाही हातानेच फळवतात. दुधीला संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, कारलं-काकडीला सकाळी साडेसहा ते नऊ. त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. मादी फुलाच्या मध्याला तीन भाग असतात, तिन्हीला पराग लागायला हवा. काकडी एका बाजूने वाकडी किंवा टोकाला बारीक झाली तर बऱ्याचदा समजायचं की पराग अर्धवट पोचला. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरा, कंजूषपणा नको. जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत छोटी दुधी मान खाली घालते आणि तिच्यावर तकाकी येते. नाही जमलं तर पिवळी. पावसाळ्यात मात्र वेगळा हिशेब. जुलैच्या झडीत माशी उडत नाही आणि पराग भिजून वाया जातो, तेव्हा फुलावर रात्री कागदी पिशवी घालून सकाळी उघडीप साधावी लागते. मी तेवढा खटाटोप करत नाही. पावसाळ्यात मी जांभळी नाक्यावरून कर्टुली आणते.

कर्टुलीवरून आठवलं. तिचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा, त्यामुळे बाल्कनीत एकच वेल लावून वाट बघणाऱ्यांची दरवर्षी निराशा होते. ब्रशचा कंटाळा असेल तर तोंडली लावा, तिची लागवडीतली जात बहुधा परागाशिवायच फळते. आणि काकडीचं पॉलिहाऊससाठी असतं तसं, परागाशिवाय फळणारं बियाणं मिळतं, ते बघा.

लहान माश्यांना बोलवायचं असेल तर सगळ्यात खात्रीचं झाड तुमच्याकडे बहुधा आहेच, तुळस. मंजिऱ्या खुडल्या की तुळस डेरेदार होते हे खरं, मीही खुडायचे. आता दोन कुंड्या ठेवते, एक पूजेची, खुडलेली, आणि एक मोकाट. मोकाट तुळशीवर सकाळी नऊला पोया आणि फुलोरी असतातच. जोडीला सब्जा, फुलायला सोडलेली कोथिंबीर, बडीशेप, शेवटच्या दोन काड्या मोहरी. झेंडू लावायचा तर साधा एकेरी. मोठ्या गोंड्यात पाकळ्याच पाकळ्या, माशीला आत शिरायला वाट नसते. ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा. साखरपाणी नको, मुंग्या आणि भांडणं वाढतात.

एक गोष्ट जरा कडक सांगते. जास्वंदीवर पांढरा मावा आला की नर्सरीत इमिडाक्लोप्रिडची पुडी हातात देतात आणि कुंडीत ओता म्हणतात. ते औषध मुळांतून सगळ्या झाडात चढतं, फुलातल्या मधात आणि परागातसुद्धा. युरोपीय संघाने २०१८ साली ते आणि त्याच्या दोन भावंडांना उघड्या शेतात बंदी घातली ती मधमाश्यांमुळेच. एकीकडे तुळस फुलवून माशी बोलवायची आणि शेजारच्या कुंडीत हे, असं करू नका. पाण्याचा जोरदार फवारा, जुना दात घासायचा ब्रश, आणि मग निंबोळी तेल. तेही फूल मिटलेलं असताना. सगळीकडे ‘संध्याकाळी फवारा’ असं छापलेलं असतं, कारलं-काकडीला ते बरोबर आहे. दुधीला नेमकं उलटं, सकाळी फवारा. कारण आजींनी सांगितलंच.

इथपर्यंतचं एकदा गोळा करते. भाकरीला माशी लागत नाही, भाजी-चटणीला लागते. तुमच्या दुधीला रात्रीचा पतंग लागतो आणि तो येत नाही. कारलं-काकडीला लहान माशी लागते, ती आवारात कमी झाली आहे. मोहोळातल्या आग्या माशीला तुमच्या फुलांत रस नाही. म्हणजे मोहोळ ठेवलं म्हणून तुमचा दुधी धरणार नाही, हेही मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. मोहोळ ठेवायचं कारण वेगळं आहे. त्या माश्या येऊरच्या जंगलातली आणि आसपासच्या वाड्यांमधली झाडं फळवतात, ती फळं पुढे पक्षी, माकडं, माणसं सगळेच खातात.

आता कमिटी. मोहोळ कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. छज्ज्याखाली, बाहेरच्या अंगाला, कोणाच्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर नसेल, तर मी मार्चमध्ये ते काढू नका म्हणेन. आग्या माशी आपल्याकडे पावसाळा सरल्यावर येते आणि पाऊस लागायच्या आत स्वतःच उठून जाते. दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न आहे. पण मोहोळ जिन्याच्या जाळीला, लहान मुलांच्या खिडकीला, किंवा ज्या घरात कोणाला माशीच्या डंखाची ॲलर्जी आहे तिथे असेल, तर वाट बघण्यात शहाणपण नाही. तेव्हा अनुभवी मधपाळ बोलवा, जो दिवस मावळल्यावर, धुराडं घेऊन, अंगावर जाळी घालून पोळं उतरवतो आणि माश्यांना जाऊ देतो. असे लोक शोधायचे तर खादी ग्रामोद्योगचं पुण्यातलं केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थान आणि महाबळेश्वरचं मध संचालनालय इथून सुरुवात करा. त्यांच्याकडे शिकून गेलेले मधपाळ बऱ्याच जिल्ह्यांत आहेत.

पेस्ट कंट्रोलने काय होतं ते मी कोलशेतकडच्या एका सोसायटीत पाहिलं. रात्री औषध मारलं, बिल घेतलं, माणूस गेला. सकाळी पार्किंगमध्ये मरायला टेकलेल्या माश्यांचा थर. मरत आलेली माशीही नांगी मारू शकते, दोन मुलांना तळपायाला लागली. विषारी पोळं तसंच लटकत राहिलं, मध गळत राहिला, वॉचमन ते झाडत राहिला. आणि नोव्हेंबरात नवी मोहोळं त्याच छज्ज्याखाली हजर, दोन. आग्या माशी वर्षानुवर्षं ठरलेल्या जागी परत येते. जागाच नको असेल तर माश्या गेल्यावर जूनमध्ये उरलेलं मेण खरवडून, धुऊन, रंगाचा हात मारा. दरवेळी उपयोग होतोच असं नाही, पण विषापेक्षा जास्त वेळा होतो.

मोहोळ असेपर्यंत चार पथ्यं पाळायला लागतील. त्या बाजूचे फ्लडलाइट रात्री बंद, नाहीतर माश्या दिव्याकडे घरात येतात. त्या भिंतीला दोरावरची रंगरंगोटी किंवा ड्रिलिंग जूनपर्यंत नाही. होळी त्या बाजूला पेटवायची नाही, धूर वर गेला की मोहोळ उठतं. आणि मोहोळावर मधुबाज झडप घालताना दिसला तर मुलांना लगेच आत घ्या, कारण पक्ष्याचा राग माश्या खालच्या माणसांवर काढतात. एखादी चावली तर नांगी नखाने खरवडून काढा आणि लांब जा, डंखाच्या वासाने बाकीच्या येतात. झुंड मागे लागली तर पळत बंद खोलीत शिरा, पाण्यात उडी नको. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, किंवा एकाच वेळी पुष्कळ डंख झाले, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

मीटिंगला जाताना मोहोळाचा खालून काढलेला फोटो बरोबर ठेवा, त्यात जवळची खिडकी किती लांब आहे ते दिसू द्या. वाद अर्धा तिथेच मिटतो. आणि पुढची दुधी पिवळी पडली की आडवी कापून त्याचाही फोटो इथे टाका, फळमाशी आहे की नाही ते बघून सांगते.